एकट्याच आलात का?



सुवर्णमहोत्सव हा संस्थेने केलेल्या कार्याकडे कृतज्ञतेने वळून पाहण्याचा प्रसंग असतो. त्याचबरोबर घराघरांतून जाणवणारी, परंतु चारचौघांत न बोलली जाणारी एखादी गोष्ट बोलून दाखवण्याचाही तो प्रसंग असतो. आजचा विषय तसाच आहे. वरवर पाहता तो अगदी किरकोळ वाटेल. घराबाहेर एकट्याने पडताना मनाला जो संकोच वाटतो, त्या संकोचाविषयी आज विचार करावयाचा आहे.

सभागृहाच्या दाराशी घडणारा एक नेहमीचा प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. पासष्टीच्या एक श्राविका कार्यक्रमाला येतात. यजमानांच्या निधनाला वर्ष झालेले असते. मुलगा नोकरीवर, सून मुलांच्या शाळेत. धीर करून त्या रिक्षाने एकट्या येतात. चपला काढून ठेवत असतानाच कोणीतरी अत्यंत आपुलकीने विचारते, "एकट्याच आलात का?" विचारणाऱ्याच्या मनात काडीचाही दोष नसतो. परंतु त्या प्रश्नाबरोबर आजूबाजूच्या चार माना वळतात. त्या काहीतरी सारवासारव करतात, "सून येणारच होती, पण..." आणि मागच्या रांगेत जाऊन बसतात. पुढच्या कार्यक्रमाला त्या येत नाहीत. 'गुडघे दुखतात' असे कारण घरात सांगितले जाते आणि सर्वांना ते पटते.

हा अनुभव केवळ वृद्ध स्त्रियांचा नाही. महाविद्यालयात नव्याने जाऊ लागलेली मुलगी, परगावाहून लग्न होऊन बदलापुरात आलेली सून, नोकरी सुटल्यामुळे भरदुपारी रस्त्यात दिसणारा पुरुष, उपाहारगृहात एकटे बसून खाण्यापेक्षा उपाशी राहणारा तरुण, या सर्वांना तो ठाऊक असतो. पाऊल घराबाहेर पडताच वाटू लागते की सारे आपल्याकडेच पाहत आहेत. चाल अवघडते. हातांचे काय करावे ते कळत नाही. मग मोबाईल काढून त्यात काहीतरी महत्त्वाचे पाहत असल्याचा बहाणा करावा लागतो.

या संकोचाला आपण 'स्वभाव' म्हणून मोकळे होतो. 'ती मुळातच लाजाळू आहे' असे म्हटले की कोणाचीच जबाबदारी उरत नाही. परंतु संकोचाचा बराचसा भाग जन्मजात नसतो. तो पाहणाऱ्यांच्या नजरेतून शिकला जातो, आणि जे शिकले गेले ते सोडताही येते. मात्र त्यासाठी बाहेर पडणाऱ्याने जसे पाऊल टाकावयाचे असते, तशी पाहणाऱ्यानेही आपली नजर बदलावयाची असते.

कल्याणच्या कन्येची साक्ष

याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या अगदी शेजारचे आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ साली कल्याणमध्ये झाला. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह टपाल खात्यात नोकरीस असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. चौदाव्या वर्षी झालेले मूल अवघ्या काही दिवसांत दगावले, आणि त्या दुःखातून डॉक्टर होण्याचा निश्चय उगवला, हा इतिहास सर्वांना परिचित आहे. त्यांची अमेरिकायात्रा आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्या यात्रेपूर्वी घर ते शाळा एवढे अंतर चालून जाणे त्यांना किती कठीण गेले, हे सहसा सांगितले जात नाही.

फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहात त्यांनी इंग्रजीत एक व्याख्यान दिले. तेव्हा त्या अठरा वर्षांच्याही नव्हत्या. आपण अमेरिकेस का जात आहोत, हे त्यांना समाजासमोर मांडावयाचे होते. त्या भाषणात त्यांनी मुंबईतील शाळेच्या दिवसांची आठवण सांगितली. हातात पुस्तके घेऊन त्या शाळेत निघाल्या की लोक खिडक्यांतून डोकी बाहेर काढून पाहत, कोणी त्यासाठी गाडी थांबवीत, रस्त्याने जाणारे उभे राहून हसत. बंगालमध्येही फिरावयास निघाल्यावर कोण, कुठल्या, कोणत्या जातीच्या, अशा प्रश्नांचा भडिमार होई. गोऱ्या शिपायांनी कधी त्रास दिला नाही, टवाळी केली ती आपल्याच सुशिक्षित माणसांनी, हेही त्यांनी त्याच सुशिक्षित श्रोत्यांसमोर स्पष्टपणे बोलून दाखवले.

हे बोलताना त्यांनी स्वतःच्या भिडस्तपणाचा उल्लेख केला नाही, उल्लेख केला तो पाहणाऱ्यांच्या वर्तनाचा. म्हणजेच, दोष आपल्या चालण्यात नसून लोकांच्या पाहण्यात आहे, हे त्या कोवळ्या वयात त्यांना उमगले होते. एप्रिल १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. सोबत पती नव्हते, नात्यातले कोणी नव्हते. ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनी मिळवली. फेब्रुवारी १८८७ मध्ये, बाविसावे वर्ष पूर्ण होण्याच्या आत, पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांना प्रत्यक्ष रुग्णसेवा करता आली नाही. परंतु रस्त्यावरून एकटीने चालण्याचा जो हक्क त्यांनी बजावला, त्याचा लाभ आज कल्याण स्थानकात उतरणारी प्रत्येक विद्यार्थिनी घेत असते.

जैन समाजालाही असे उदाहरण शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. मुंबईचे दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद यांच्या कन्या मगनबाई यांना ऐन तारुण्यात वैधव्य आले. त्या काळी विधवेने घराच्या कोपऱ्यात बसावे अशीच अपेक्षा होती. पित्याने कन्येला कोपऱ्यात बसवले नाही, तिच्या शिक्षणाची व्यवस्था केली. विसाव्या शतकाच्या आरंभी मगनबाईंनी श्राविकाश्रमाचे कार्य उभारले, गावोगाव प्रवास करून स्त्रीशिक्षणाचा प्रचार केला. येथे मुलीइतकेच श्रेय पित्याचेही आहे. समाज काय म्हणेल याचा विचार त्यांच्याही मनात आला असेल. तो विचार त्यांनी मुलीच्या वाटेत आणून ठेवला नाही.

आपल्या तीन शहरांचा अनुभव

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या परिसराचा इतिहासही या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्करी छावणी उभारण्यात आली. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच बराकींमध्ये आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. 'कॅम्प' हा शब्द आजही पत्त्यात टिकून आहे तो त्यामुळेच. आलेल्या कुटुंबांमध्ये कालपर्यंत सधन असलेली, नोकरचाकर बाळगणारी अनेक घराणी होती. अशा घरांतील पुरुष लोकलगाडीत गोळ्या-बिस्किटे विकू लागले. ज्या स्त्रियांनी एकट्याने कधी उंबरठा ओलांडला नव्हता, त्यांच्यापैकी अनेक जणी पापड-लोणची करून विकू लागल्या. ओळखीच्या माणसाने आपल्याला या अवस्थेत पाहिले तर काय वाटेल, हा प्रश्न त्यांना छळत नसेल असे म्हणवत नाही. परंतु सारी वसाहतच एका नावेत होती. कोणी कोणाकडे बोट दाखवावे अशी स्थिती नव्हती. जेथे बोट दाखवणारे नसतात तेथे संकोच फार काळ टिकत नाही. या वसाहतीचे एका गजबजलेल्या व्यापारी शहरात रूपांतर झाले, त्यामागे ही लाज बाजूला सारण्याची शक्तीही होती.

दुसरे उदाहरण रेल्वेचे. कल्याणहून खोपोलीकडे जाणारा लोहमार्ग १८५६ साली सुरू झाला आणि त्याच वाटेवर आज बदलापूर-कर्जतच्या लोकल धावतात. १९९२ साली पश्चिम रेल्वेवर चर्चगेट ते बोरिवली अशी पहिली महिला विशेष लोकल सुरू झाली. आज महिलांच्या डब्यात पाहिले तर मुलाखतीला निघालेली तरुणी, भाजी निवडणारी कारकून, डुलकी घेणारी परिचारिका आणि फळविक्रेती शेजारीशेजारी बसलेल्या असतात. त्या डब्यात 'एकटीच का?' असे कोणी विचारत नाही, कारण तेथे बहुतेक जणी एकट्याच आलेल्या असतात. पण तीच स्त्री संध्याकाळी बदलापूरला उतरून, काही काम नसताना, केवळ वाऱ्यासाठी उल्हास नदीच्या बाजूला फिरावयास निघाली तर? लगेच तिला कारण द्यावे लागते.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तीन अभ्यासकांनी मुंबईतील स्त्रियांच्या सार्वजनिक वावरावर लिहिलेल्या 'व्हाय लॉइटर?' या २०११ सालच्या ग्रंथात नेमके हेच दाखवले आहे. स्त्री घराबाहेर दिसली की ती कामासाठी आली आहे, हे तिला सतत सिद्ध करावे लागते. हातात पिशवी असावी, पावले भरभर पडावीत, फोन कानाला असावा. कामाशिवाय, नुसते मोकळेपणाने थांबणे पुरुषाला जितके सहज आहे तितके तिला नाही. आपल्या गल्लीच्या नाक्यावर संध्याकाळी कोण उभे असते आणि कोण नसते, एवढे पाहिले तरी याची खात्री पटते.

लोक खरोखर किती पाहतात?

आता प्रश्नाची दुसरी बाजू. आपल्याला वाटते तेवढे लोक आपल्याकडे खरोखर पाहतात काय? अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासंबंधी केलेला एक प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थ्यांना एका गायकाचे मोठे चित्र असलेला टी-शर्ट घालावयास दिला. तो घालून चारचौघांत जाणे त्यांना लाजिरवाणे वाटत होते. इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत त्यांना पाठवले आणि नंतर विचारले, किती जणांनी हे चित्र ओळखले असेल? त्यांचा अंदाज होता, जवळपास निम्म्या जणांनी. प्रत्यक्षात साधारण चौथ्या हिश्शानेच ते ओळखले होते. म्हणजे आपण आपल्यावर जेवढा प्रकाशझोत पडला आहे असे समजतो, त्याच्या साधारण निम्माच तो असतो. ज्याला त्याला आपापली गाडी गाठावयाची असते.

अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञांनी १९५५ पासून विवेकनिष्ठ उपचारपद्धतीची उभारणी केली. महाराष्ट्रात किशोर फडके यांनी ती आणली आणि मराठी वाचकांपर्यंत पोहोचवली. एलिस तरुणपणी सभेत बोलण्यास विलक्षण घाबरत असत. त्यांनी स्वतःला मुद्दाम पुन्हा पुन्हा बोलावयास लावले आणि ती भीती ओसरली. पुढे ते आपल्याकडे येणाऱ्यांना 'लाजेवर चाल करून जाण्याचे' सराव देत. गाडीच्या डब्यात पुढच्या स्थानकाचे नाव मोठ्याने पुकारावयाचे, हा त्यातलाच एक. लोक क्षणभर पाहतात, फार तर हसतात आणि पुन्हा आपल्या कामाला लागतात. ज्या अनर्थाची मनाने कल्पना केलेली असते तो घडतच नाही, हे पुस्तकातून नव्हे तर अनुभवातून कळते.

जैन विचारातील चार कषाय सर्वांना ठाऊक आहेत. क्रोध, मान, माया आणि लोभ. 'मान' म्हटले की आपल्याला गर्विष्ठ मनुष्य आठवतो. परंतु 'माझ्याकडे सगळे पाहत आहेत' या अस्वस्थतेच्या मुळाशीही एक सूक्ष्म 'मी' बसलेला असतो. सन्मानाची ओढ आणि अपमानाची धास्ती ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत. संकोची माणसाला दोष देण्यासाठी हे सांगावयाचे नाही. त्याच्या मनावरचे ओझे उतरावे, एवढाच हेतू आहे.

भीती आणि संकोच यांतील भेद

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. संकोच आणि भीती एक नव्हेत. अंधारा पादचारी पूल, मागे येणारी पावले, गर्दीतील धक्का, यांची भीती मनाचा खेळ नसते. तिचा उपाय स्त्रीला 'धीट हो' असे सांगणे हा नसून दिवे, पोलीस आणि दक्ष सहप्रवासी हा असतो. संकटकाळी साहाय्यासाठी ११२ हा क्रमांक आणि रेल्वेप्रवासात १३९ हा क्रमांक घरातील प्रत्येकाला पाठ असला पाहिजे. संकोच मात्र दिवसाढवळ्या, ओळखीच्या रस्त्यावर, काहीही धोका नसताना वाटतो. दोन्ही एकत्र केले की घरातील मंडळी 'काळजी' या नावाखाली संकोचालाच खतपाणी घालतात.

काही जणांच्या बाबतीत हा संकोच इतका वाढतो की छातीत धडधडते, घाम फुटतो, नोकरी किंवा शिक्षण सोडण्याची वेळ येते. तो आजार असतो आणि त्याच्यावर उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यातही पुन्हा 'कोणी पाहील' हीच अडचण आड येते. अशांसाठी केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली 'टेलि-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. घरबसल्या, आपल्या भाषेत बोलता येते.

आपण काय करू शकतो?

पहिला उपाय बाहेर पडणाऱ्यासाठी. एकदम मोठी उडी घेऊ नये, पायरी पायरीने जावे. पहिल्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणावे. दुसऱ्या आठवड्यात भाजी बाजारात एकट्याने फेरी मारावी. मग शेअर रिक्षाने स्थानकापर्यंत जाऊन, फलाटाच्या बाकावर दहा मिनिटे बसून परत यावे. त्यानंतर तिकीट काढून उल्हासनगर ते अंबरनाथ एवढा एकाच स्थानकाचा प्रवास करावा. जमले तर शके ९८२ चा शिलालेख असलेले अंबरनाथचे प्राचीन शिवमंदिर आणि त्यावरील शिल्पकाम निवांत पाहून यावे. प्रत्येक पायरीवर मन अस्वस्थ होईल. ती अस्वस्थता ओसरेपर्यंत तेथेच थांबावे, पळून येऊ नये. पळून आल्यास भीती बळावते, थांबल्यास ती दमते.

दुसरा उपाय घरातल्यांसाठी. ज्या आईने आयुष्यभर यजमानांच्या मागून चालत प्रवास केला, तिला स्वतःचे तिकीट काढता येत नाही याचे हसू करू नये. एकदा सोबत जावे, दुसऱ्यांदा दहा पावले मागे राहावे, तिसऱ्यांदा घरीच थांबावे. परत आल्यावर 'उशीर का झाला?' याऐवजी 'काय काय पाहिलेस?' असे विचारावे. मुलीला सोबत म्हणून धाकट्या भावाला पाठवण्याची रीतही तपासून पाहावी. आठ वर्षांचा भाऊ बहिणीचे संरक्षण करीत नाही, एकटी मुलगी अपुरी असते हे मात्र तो दोघांना शिकवतो.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा उपाय समाजासाठी. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे अशा विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर गावांनीही हा मार्ग अनुसरावा असे आवाहन केले. एका लहानशा गावाने एकत्र बसून ठरवले की आपण आपली पाहण्याची रीत बदलू. ठरावाने सारे एका दिवसात बदलत नाही, हे खरे. परंतु ज्या स्त्रीला सांत्वनाच्या नावाखाली घरात कोंडले जात होते, तिच्या बाजूने गाव उभे आहे हे तरी तिला कळते.

आपल्या संस्थांना एवढा मोठा ठरावही करावा लागणार नाही. कार्यक्रमाच्या दाराशी स्वागतासाठी उभे असणाऱ्या कार्यकर्त्यांनी 'एकट्याच आलात का?' हा एक प्रश्न वगळला तरी पुरे. त्याऐवजी 'या, बरे झाले आलात, इकडे पुढे बसा' असे म्हणावे. एकट्या आलेल्या व्यक्तीसाठी दुसऱ्या-तिसऱ्या रांगेतील काही खुर्च्या राखून ठेवाव्यात. निमंत्रणपत्रिकेवर 'सहकुटुंब' असते, त्याच्या जोडीला तोंडी निरोपही द्यावा की कुटुंबातून एकच व्यक्ती आली तरी ती पूर्ण पाहुणी आहे.

आनंदीबाईंकडे खिडकीतून पाहणाऱ्या त्या माणसांची नावे आज कोणालाच ठाऊक नाहीत. पुस्तके हातात घेऊन चालत गेलेल्या मुलीचे नाव साऱ्या देशाला ठाऊक आहे. उद्या सकाळी आपल्याच गल्लीतून कोणीतरी पहिल्यांदा एकटे निघेल. तेव्हा आपल्या खिडकीतून टवाळ नजर बाहेर पडू नये. पडलाच तर एक साधा शब्द पडावा, "सावकाश जाऊन या." मागच्या रांगेतून नाहीशा झालेल्या त्या श्राविका पुन्हा या सभागृहात येतील, आणि या वेळी पुढे बसतील.

जय जिनेंद्र.